शिट्टीच्या गाण्याची एकेचाळीस मते

मी सयाजी ज्ञानबा थिटे, वय ६८ वर्षे, धंदा – सूतगिरणीतून सेवानिवृत्त, मूळ रा. मोहोळ, हल्ली रा. प्लॉट नं. १९, विजापूर रोड, सोलापूर. आज बुधवार दि. ३१/१२/२०२५ रोजी सकाळी ११.१० वाजता स्वतः चालत पोलीस ठाण्यात आलो असून ठाणे अंमलदार श्रीमती ऋतुजा कोळेकर यांच्यासमोर बसून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नी म्हाळसाबाई हिच्यासह राहतो. मुलगी पिंकी माढ्यास सासरी असते. मी एकतीस वर्षे गिरणीच्या गेटवर टाइमकीपर होतो. सबब या जबाबात ज्या वेळा येतील त्या अंदाजे नाहीत.

माझी तक्रार अशी की, काल मंगळवारी सायंकाळी ८.२२ वाजता माझा मित्र बसलिंगप्पा रेवणसिद्ध हत्तुरे, वय ७०, धंदा शिंपीकाम, याने माझ्या गच्चीवरून सतरा लोकांसमक्ष माझी वही काखेत मारून चोरून नेली. वही लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी, पाठीवर '१९७९' असा शाईने आकडा. किंमत विचारली असता मला सांगता येत नाही. मॅडमनी 'किंमत निरंक' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले आहे.

वही कसली, असे विचारल्यावरून सांगतो. आमच्या तरुणपणी दर मंगळवारी सायंकाळी साडेसात वाजता परदेशी रेडिओ केंद्रावरून हिंदी गाण्यांच्या क्रमवारीचा एक कार्यक्रम लागत असे. सोळा पायऱ्या, खालून वर. पायरी बदलली की बिगुल. वर्षअखेरीला श्रोत्यांच्या मतांवरून वर्षाचे पहिले गाणे ठरे. सन १९७३ पासून १९७९ पर्यंत एकही मंगळवार न चुकवता मी ती क्रमवारी वहीत उतरवून घेतली. वर्षाला एक वही, अशा सात वह्या आहेत. १९८० पासून मी लिहिणे सोडले. कारण पुढे येईल.

निवृत्तीनंतर, सन २०१९ पासून, बसलिंगप्पा व मी तोच कार्यक्रम जसाच्या तसा माझ्या गच्चीवर करतो. शेहेचाळीस वर्षांपूर्वी त्या आठवड्याला जी क्रमवारी होती तीच, त्याच दिवशी, त्याच वेळी. वही फक्त मी उघडतो. निवेदन बसलिंगप्पा करतो. आमच्याकडे बिगुल नसल्याने तोही तो तोंडानेच वाजवतो. मधली दंतमंजनाची जाहिरात पत्नी म्हणते. तिने वाटाणे सोलत म्हणू नये असे मी सात वर्षे सांगत आहे. ऐकायला पंधरा-वीस माणसे येतात, स्वतःची खुर्ची स्वतः आणतात. कोरोनात आम्ही हा कार्यक्रम फोनवर केला, पण केला. आजपर्यंत एकाही पायरीत फेरफार झालेला नाही.

मागील दोन महिन्यांपासून बसलिंगप्पा बिगुल पुरा वाजवत नव्हता. अर्ध्यातच सोडून गाणे लावत असे. मी त्यास सर्वांदेखत टोकले होते की, कामचुकारपणा करू नकोस. दिवाळीपासून तो मला सारखा विचारत असे, "सया, एकोणऐंशी संपल्यावर रं? पुढं वही न्हाई की." मी म्हणत असे, संपले म्हणजे संपले. नियम तो नियम.

काल वर्ष १९७९ चा वार्षिक कार्यक्रम होता. म्हणजे शेवटचा. सायंकाळी ७.३० वाजता सुरू झाला. तिसऱ्या पायरीपर्यंत सर्व ठीक होते. ८.०९ वाजता बसलिंगप्पाने निवेदन केले की, दुसऱ्या पायरीवर छत्रीचे गाणे. गाण्यांची पूर्ण नावे मॅडम मागतात, पण वहीत ती अशीच लिहिलेली आहेत आणि गच्चीवर सगळ्यांना कळतात. वहीप्रमाणे छत्रीचे गाणे पहिले असून, ज्याच्या सुरुवातीला शिट्टी वाजते ते शिट्टीचे गाणे दुसरे आहे. ओळीवर माझे बोट होते. मी उभा राहिलो व म्हणालो, "थांब. चूक हाय."

बसलिंगप्पा माइकमध्येच म्हणाला, "चूक हायच. सेचाळीस वर्सामागं झाली."

त्यानंतर त्याने शिवणाच्या पिशवीतून एक खाकी पाकीट काढले. पाकिटावर पत्ता माझ्या अक्षरात होता. तिकिटे लावलेली होती, शिक्का पडलेला नव्हता. शिलाईच्या दोऱ्याने बांधलेले होते. मी ते ओळखले.

पाकिटाचा खुलासा असा. सन १९७९ मध्ये मोहोळ येथे आमचा श्रोता संघ होता. मी अध्यक्ष, बसलिंगप्पा सचिव. संघाने ठराव करून शिट्टीच्या गाण्याला एकेचाळीस मते दिली. दर मताचे वेगळे कार्ड, वेगळे नाव, वेगळी सही. बुधवार दि. १२ डिसेंबर १९७९ रोजी सकाळी मी पाकीट बसलिंगप्पाच्या हाती दिले व संध्याकाळी पाचच्या टपालात टाक असे बजावले. तो शेवटचा दिवस होता. वार्षिक कार्यक्रमात जाहीर झाले की, शिट्टीचे गाणे बत्तीस मतांनी मागे पडून दुसरे आले. छत्रीवाल्या संघांनी खोटी कार्डे टाकली असे मी तेव्हापासून म्हणत आलो आहे. मुलीच्या लग्नातही म्हणालो होतो. त्या निकालानंतर मी वही लिहिली नाही.

संघाचे सभासद किती होते, असे मॅडमनी विचारले. सहा. बाकी पस्तीस नावे आम्ही गावातून घेतली होती. मग तुमची कार्डे खरी कशी, असे विचारले असता, त्या काळी सगळेच संघ असे करीत, हे माझे उत्तर आहे.

पाकीट का टाकले नाही, असे मी गच्चीवर बसलिंगप्पास विचारले. तो म्हणाला, "दुसऱ्या दिवशी तुजं लगीन हुतं. पाकीट दिलंस त्येच्या आदल्या सांजच्याला येऊन तूच कोटाची कालर उसवाय लावलीस. शिट्टीच्या गाण्यातल्या हिरोवाणी पायजे म्हनलास. दिसभर मशिनीवरनं उठलो न्हाई. पाकीट चिंध्यांखाली गेलं. कोट झाला तवा सहा वाजून गेलं हुतं. लग्नात कसं सांगावं? आन मग ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

मी पाकीट फोडून कार्डे मोजली. एकेचाळीस भरली. त्यातील एक कार्ड समोर बसलेले बाळासो यांच्या नावाचे निघाले. ते मोहोळचेच, एसटीतून निवृत्त झालेले वाहक. ते म्हणाले, "म्या कुटं मत दिलं? मला तर छत्रीचं आवडायचं." एक कार्ड कोंडीबा नावाच्या इसमाचे होते. ते मतदानापूर्वी चार वर्षे मयत झाले होते, ही गोष्ट मला काल समजली.

पत्नी म्हणाली, "अवो, ऱ्हाऊ द्या की. म्या काय त्या गान्यासंगं लगीन लावलं हुतं? कोट चांगला झाला हुता." मी तिला वाटाणे सोलायला सांगितले.

यानंतर मी बसलिंगप्पास जे बोललो ते येथे लिहून घेण्याजोगे नाही. शेवटचे वाक्य सांगतो. आजपासून माझ्या गच्चीवर पाय ठेवायचा नाही, असे मी म्हणालो. टेबलावरची वही उचलून त्याने काखेत मारली व जिना उतरू लागला. मधल्या वळणावर तो खाली बसला. चार मिनिटे बसून होता. मी वरून पाहिले; पत्नी पाणी घेऊन खाली गेली. नाटक करतो असे वाटून मी खाली गेलो नाही. पहिल्या पायरीचे गाणे वाजले नाही. लोक आपापल्या खुर्च्या घेऊन गेले.

आज सकाळी ९.४० वाजता मी त्याच्या दुकानावर गेलो. कुलूप होते. घरीही कुलूप होते. शेजारी म्हणाले, पहाटे पिशवी घेऊन रिक्षात बसला. तो वही घेऊन पसार झाला अशी माझी खात्री झाली. घरी न जाता मी पुन्हा दुकानापाशी थांबलो व तेथून परस्पर इकडे आलो.

येथे १२.०५ वाजता पत्नीचा फोन आल्याने जबाब थांबवला. कुठे आहात असे तिने विचारले. मी पोलीस ठाण्यात आहे, बसलिंगप्पावर तक्रार देत आहे, असे सांगितले. त्यावर ती म्हणाली, "आता काय म्हनावं तुमाला. बसूभावजी सकाळच्या गाडीनं पुण्याला लेकाकडं गेलं. शुक्रवारी त्येंच्या काळजाची झडप बदलणार हायत. दोन म्हयनं झालं, दम लागतुया. तुमाला सांगायचं न्हाई म्हनून मला शपत घातली हुती. म्हनले, सयाला कळलं तर शेवटचा कारेक्रम नीट व्हयाचा न्हाई."

वही कशाला नेली मग, असे मी विचारले. ती म्हणाली, "ते बी मीच सांगू? काल जिन्यात पानी द्याला गेले तवा म्हनले, वहिनी, माझ्यासाठी न्हाई यायचा सया, पर वहीसाठी येतोयच बगा."

जबाब १२.३१ वाजता पुन्हा सुरू झाला. मधल्या सव्वीस मिनिटांचा तपशील माझ्याकडे नाही. मॅडमनी पाणी दिले, म्हणाल्या, "काका, सावकाश." एवढे आठवते.

पुढे विचारल्यावरून सांगतो की, वर 'चोरून नेली' असे आहे त्यातील 'चोरून' हा शब्द काढावा. 'पसार' हा शब्दही काढावा. बिगुलाबद्दल मी त्यास कामचुकार म्हणालो ते खोडू नये. म्हणालो होतो, तेव्हा राहू द्यावे. मला त्याचे फार वाईट वाटते. हे वाक्य लिहू का, असे मॅडमनी विचारले. मी लिहा म्हणालो.

कोटाची कॉलर मीच उसवायला लावली होती. अगोदरची कॉलर चांगली होती. तो कोट घरात आहे. लग्नानंतर मी तो एकदाही घातला नाही, कारण नवीन कॉलर टोचते. हे मी बसलिंगप्पास शेहेचाळीस वर्षे सांगितलेले नाही. त्याने एक गोष्ट लपवली, मी एक लपवली.

माझी बसलिंगप्पा याच्याविरुद्ध कसलीही तक्रार नाही. वही जप्त करू नये, ती त्याच्याजवळच राहू द्यावी. ती आणण्यासाठी मी आज दुपारच्या गाडीने पुण्यास जात आहे. पत्नीने कपडे भरले असून तीही येणार आहे. वही शुक्रवारच्या आत मिळालीच पाहिजे असे नाही. त्यास जितके दिवस दवाखान्यात राहावे लागेल तितके दिवस मी थांबेन. तो बरा होऊन आल्यावर १९७३ ची वही पुन्हा पहिल्या पानापासून घेण्यात येईल. नियमात ते बसत नाही, हे मला मान्य आहे.

या जबाबाची एक प्रत मला मिळावी. बसलिंगप्पास वाचून दाखवायची आहे. त्यासाठी निकालाची नोंद सरकारी कागदावर असावी, अशी माझी विनंती आहे. माझ्या वहीत मी खाडाखोड करीत नाही. मॅडम म्हणाल्या, असा निकाल जबाबात लिहिता येत नाही. मी म्हणालो, मी सांगतो ते लिहायचे असते, आणि मी हे सांगत आहे. त्यांनी थोडा विचार करून पेन उचलला.

निकाल असा. न पोचलेली कार्डे एकेचाळीस. बाळासो यांची हरकत योग्य असल्याने त्यांचे एक वजा करावे. त्यांनी छत्रीच्या गाण्यालाही कार्ड टाकलेले नाही, म्हणून ते मत तिकडे धरता येणार नाही. कोंडीबा यांच्याकडून कोणतीही हरकत आलेली नाही. राहिली चाळीस. पिछाडी बत्तीस.

पहिली पायरी सांगण्याअगोदर बिगुल वाजवावा लागतो. ठाण्यात तशी सोय नसल्याने तो मी तोंडाने वाजवला. पुरा वाजवला.

सन १९७९ चे पहिले गाणे, शिट्टीचे गाणे. आठ मतांनी.

माझा वरील जबाब मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. बेरीज मी पुन्हा तपासली, ती बरोबर आहे. वेळ १.०४.

सही
सयाजी ज्ञानबा थिटे
अध्यक्ष, श्रोता संघ, मोहोळ