‘इफ’चं गाऱ्हाणं

नाही हो साहेब, थट्टा कसली! रत्नागिरीहून आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांची थट्टा करायची आमच्या दहावीच्या पोरांची काय बिशाद? तुम्ही चहासुद्धा टाकून तडक स्टँडवर निघालात, म्हणून धावत मागे आलो. बसा ना, इथे सावली आहे. कुडाळची गाडी येईल तेव्हा येईल, आमच्या ह्या कट्टा गावी ती कधी वेळेवर आली आहे? तेवढ्यात दोन शब्द ऐकून घ्या — त्या वहीत शेरा लिहिण्याआधी. कारण काय आहे — लपवत नाही तुमच्यापासून — तिसरं वर्ष चाललंय, आणि मी अजून टेंपररी. मसुऱ्याला एक गृहस्थ आहेत, त्यांची मुलगी सावित्री. गृहस्थ म्हणाले, मास्तर, कायम झालात तर मुलगी देऊ. म्हणजे बघा, इंग्रजी शिकवणाऱ्याचं लग्नसुद्धा ‘इफ’वर अडलंय! हसलात? बरं वाटलं. हसा.

तर तो ओरडा. तुम्ही मथुरेला म्हणालात, ‘इफ’चं वाक्य कर. ती उभी राहिली, वेणी मागे टाकली आणि म्हणाली — इफ माय फादर केम होम, आय वुड नॉट टॉक टू हिम फॉर टू डेज. बरोबर होतं ना? तुम्ही मानसुद्धा हलवलीत. आणि तेवढ्यात अख्खा वर्ग एका सुरात — “व्हय म्हाराजा!” तुमच्या हातातला खडू पडला. आता तुम्ही मूळचे घाटावरचे, तुम्हाला हे नवीन. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एक जण देवापुढे उभा राहून गावाच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो — बा देवा, ह्या लेकराला बरं केलंस तर तुला नारळ ठेवू, होडी सुखरूप आणलीस तर अमुक करू — आणि दर वाक्याला मागचे लोक म्हणतात, व्हय म्हाराजा. रांगणाऱ्या पोराच्याही कानावर पडलेलं असतं ते. तोंडातून आपोआप निघतं. म्हाराजा म्हणजे देव, तुम्ही नव्हे — म्हणजे तुम्हीही आहातच, पण — जाऊ दे.

वर्गात ते आलं कुठून, म्हणता? सांगतो. पुस्तकातली वाक्यं घेऊन महिनाभर घसा फोडला मी. इफ इट रेन्स, आय विल टेक ॲन अंब्रेला. एक पोरगा म्हणतो, सर, पाऊस जूनपासून पडतच आसा, मगे ‘इफ’ खंयचो? मी म्हटलं, बरं, इफ आय वेअर अ बर्ड. तर दुसरा — सर, पाखरू कित्याक? मासो झालंय तर चलात? कपाळावर हात मारला. तेव्हा एका माहितगार गृहस्थांनी मला रस्ता दाखवला. म्हणाले, “मास्तरानू, उगाच घसो सुकवतास. ह्या तर गाऱ्हाणा! देवाक जमणारा आसा ता मागूक एक वाक्य, आणि जमणारा नाय पण मनातसून जायना, तेका दुसरा.” बघा साहेब! होण्यासारखा आणि न होण्यासारखा, दोन्ही ‘इफ’ एका दमात. बी. ए.ला चार वर्षं घालवली, पण इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून गुरुदास फळ्यापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो, पोरं त्याचं इंग्रजी करतात, मग सगळे व्हय म्हाराजा — क्रियापदं मीच तपासतो हो, मागच्या बाकावरून! गुरुदास कोण? तेच ते, मला रस्ता दाखवणारे गृहस्थ. देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याच्याच घराकडे. आणि शाळेत — शाळेत तो — घंटा देतो. म्हणजे शिपाई आहे. म्हणजे शाळेचा शिपाई, पण माणूस असा की —

पेन का काढलंत, साहेब?

थांबा, आधी मथुरेचं ऐका. बाप बोटीवर खलाशी, चार वर्षं पत्र नाही. वर्गात पहिल्यांदा तिची पाळी आली तेव्हा गुरुदासाने विचारलं, “तुजा खंयचा गो? पयला काय दुसरा?” पोरगी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, दुसरा. मग तो म्हणाला, “असांदे. देव ताय आयकता. घाल.” तिने हेच वाक्य केलं, दोन दिवस न बोलण्याचं, आणि पोरं छप्पर उडेल अशी ओरडली. ती हसली हो! मी मागच्या बाकावर रडलो, खोटं कशाला सांगू. त्या दिवसापासून ती पोरगी तोंड उघडून बोलायला लागली. तुम्ही आज ऐकलंत ते वाक्य तिचं एकटीचं नाही, सगळ्या वर्गाचं आहे.

आणि तुम्ही लिहिताय — शिपायाकडून वर्ग घेतला. मग गुरुदासाचं काय? कामावरून काढतील? अहो, त्याने काय केलं? मी बोलावलं म्हणून तो आला! माझं नाव लिहा. दत्ताराम बाबाजी परब. तास मास्तराचा, चूक मास्तराची, कायम करू नये — लिहा, खाली सही करतो. सावित्री? तिला मी स्वतः जाऊन सांगेन. वाईट वाटेल तिला. मला तर फारच वाटेल, आताच वाटतंय — पण सांगेन.

काय म्हणालात? आडनाव? गुरुदासाचं? नाही बुवा ठाऊक. त्याच्याच पडवीत राहतो मी, वहिनींच्या हातचं दोन वेळा जेवतो, पण आडनाव विचारायचं राहूनच गेलं बघा. मस्टर? मस्टराला वाळवी लागली. कालच. हो, अख्ख्या मस्टराला.

ती बघा, आली गाडी! चढा, चढा, खिडकीची जागा धरा. हात आत घ्या, साहेब.