पाच नंबरच्या खोलीतला कारभारी

फुलं नंतर देईन, आधी बोलते. केबिनमध्ये येऊन सांगितलं तर तुम्ही म्हणता, मावशी, मीटिंग आहे. जिन्यात गाठलं तर मावशी, घाईत आहे. आज तुम्हीच कार्यक्रमाच्या कागदावर मला घातलंत, जुनी कामवाली दोन गोड शब्द बोलेल, बरं दिसेल म्हणून. आता माइक माझ्या हातात आहे आणि जायला कोणालाच वाट नाही. तर सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे मोठे डॉक्टरसाहेब, खरेदी बघणारे व्यवस्थापकसाहेब, आलेले पाहुणे, आणि समोर बसलेल्या नर्सताई, ड्रायव्हर, सफाईवाले, माझी सगळी माणसं, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, भाषण मला येत नाही. तक्रार येते.

कार्डावर छापलंय, सेवानिवृत्ती समारंभ. आपले संगणक सांभाळणारे वायरभाऊ, जरा उभे राहा. बघा सगळ्यांनी. हा माणूस निवृत्त व्हायच्या वयाचा दिसतो का? डोक्यावर काळे केस आहेत, मुलगी अजून शाळेत जाते. हे निवृत्त झालेले नाहीत, वैतागून चाललेत. बसा भाऊ, बसा. लाजू नका, लाजायचं दुसऱ्यांनी आहे.

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. मी पाच नंबरच्या खोलीबाहेर बसते. दारावर पाटी नाही, नुसता आकडा. आत ज्या आजाराच्या गोळ्या मिळतात त्याचं नाव लोक स्वतःच्या घरातसुद्धा घेत नाहीत, मीही घेणार नाही. आलेल्या माणसाला मी बिल्ला देते आणि बिल्ल्यावरचा आकडा पुकारते. नाव कधी पुकारलं नाही. एकदा माझ्या सख्ख्या जावेची शेजारीण समोर येऊन बसली, तिलासुद्धा ओळख दाखवली नाही. ती बिचारी जाताना माझा हात दाबून गेली.

वायरभाऊंनी इथे पहिले संगणक लावले तेव्हा मी त्यांना आडवी गेले होते. म्हटलं, या पेटीत आमच्या माणसांची नावं घालणार, आणि पेटीने तोंड उघडलं तर? ते म्हणाले, पेटी मुकीच असते मावशी, बोलतो तो आतला कारभारी. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कळ दाबली ती त्याच्या हातून, अक्षर उमटलं ते त्याच्या हातून. म्हणून तो निवडताना रूप बघायचं नाही, तोंडाने किती सैल आहे ते बघायचं. त्यांनी निवडलेला कारभारी दिसायला अगदीच बापुडवाणा होता. प्रिंटर म्हटलं की रुसून बसायचा. औषधं देणाऱ्या ताई रोज त्याच्या नावाने बोटं मोडायच्या, त्या समोर बसून मान डोलावताहेतच. पण ज्यांनी त्याला बनवलं त्यांना तो काही कळवायला जायचा नाही, आणि तो काय करतो हे जाणत्या माणसाला आत शिरून वाचता यायचं.

मग व्यवस्थापकसाहेबांनी पाच नंबरसाठी नवीन पेटी आणली. कारभारी तिच्यात आधीच बसवलेला. देखणा, चुणचुणीत, प्रिंटर एका दमात. मलाही आवडला, खोटं कशाला बोलू? वायरभाऊ म्हणाले, हा इथे काय काय चाललंय ते अधूनमधून आपल्या कंपनीला कळवत राहतो. थोडं बंद करता येतं, सगळं नाही, आणि काय कळवतो ते आपल्याला धड बघता येत नाही. साहेब म्हणाले, तुम्हाला सगळीकडे चोरच दिसतात.

पहिल्याच सकाळी नव्या पेटीने पडद्यावर प्रश्न टाकला. निदानविषयक माहिती पाठवायची का? आणि खाली दोन चौकोन. एकात फक्त आवश्यक, दुसऱ्यात संपूर्ण. आता मला सांगा, दवाखान्यात बसलेली बाई निदान हा शब्द वाचून काय समजेल? ताईंना वाटलं, तपासणीच्या खोलीतून रिपोर्ट येतात तसं काहीतरी असणार. आणि अर्धवट निदान पाठवलं की मोठे डॉक्टर किती रागावतात हे इथे कोणाला माहीत नाही? त्यांनी संपूर्णवर बोट ठेवलं. ताई, रडू नका, तुमची चूक नाही. चूक विचारणाऱ्याची. ज्या घरात ज्या शब्दाला मान असतो तोच शब्द पांघरून तो आत आला.

वायरभाऊंनी हे सांगितलं तेव्हा डॉक्टरसाहेब हसले होते. ते यंत्राचं निदान असतं हो, माणसाचं नाही, असं म्हणाले. असेल. तुम्ही शिकलेले आहात.

पण मग काही दिवसांनी काय झालं? बाकावर माणसं बसलेली. ताई आत गोळ्या काढत होत्या, पेटीचा पडदा मोकळा होता आणि उघड्या दारातून बाकाकडे तोंड करून होता. कोपऱ्यात एक चौकट उघडली. हसरं जोडपं, आणि वर मोठ्या अक्षरांत, खास तुमच्यासाठी, अमुक आजारासोबत सुखी संसार. तो अमुक म्हणजे आमच्या खोलीचा आजार. खोकल्याचं औषध घ्यायला आलेली एक म्हातारी वाट चुकून तिथे बसली होती. तिने ते एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं. मग दाराकडे बघितलं. मग शेजारी बसलेल्या बाईकडे. अगंबाई, तू इथे कशी, तुला गं काय झालंय, असं विचारलं. दोघी एकाच गल्लीतल्या.

ती बाई बिल्ला बाकावर ठेवून उठली. गोळ्या न घेता गेली. तेव्हापासून आलेली नाही.

तिच्याबद्दल मी जेवढं सांगते आहे, तेवढं तिला विचारूनच. नाव-पत्ता सांगायचा नाही, ही तिने घातलेली अट मी पाळते आहे. आमच्याकडे माणसाचं काही सांगायचं तर त्याला विचारून सांगतात. निदान आतापर्यंत तरी सांगत होते.

साहेब म्हणाले, योगायोग आहे. मी वायरभाऊंना विचारलं, त्या कारभाऱ्यानेच चहाडी केली ना? त्यांनी सरळ सांगितलं की छातीठोक सांगता येत नाही. ताई दिवसभर त्याच आजाराच्या गोळ्यांची नावं शोधतात, त्यावरून त्याने अंदाज बांधला असेल, नाहीतर खरंच योगायोग असेल. बघता येत नाही, हीच तर अडचण. म्हणून त्यांनी लेखी मागितलं की पाच नंबरला जुनाच कारभारी राहू द्या. नाही म्हणालात. मग त्यांनी राजीनामा दिला आणि तुम्ही त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलंत.

मी त्या बाईकडे जाऊन आले. ओट्याशी उभी होती, पाठमोरी. बारीक झाली आहे. पाया पडते म्हटलं, चल. ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "मावशी, तुझ्या एका तोंडावर माझा विश्वास आहे गं. त्या पेटीला किती तोंडं आहेत, तेवढं सांग."

काय सांगू मी तिला? अध्यक्षमहाराज, तुम्ही सांगता? व्यवस्थापकसाहेब, तुम्ही ती पेटी निवडलीत, तुम्हाला तरी मोजता येतील का? मीच गोळ्या नेऊन देते म्हटलं, तर तपासल्याशिवाय मिळत नाहीत. तो नियम बरोबर आहे, त्यावर माझं भांडण नाही. पण नाव त्या पेटीत घातल्याशिवायही मिळत नाहीत, आणि ती म्हणते, नाव तिथे घालायचं असेल तर मला गोळीच नको. या गोळीत खंड पडला की पुढे काय होतं ते डॉक्टरसाहेबांनीच मला शिकवलंय. मला रात्रंदिवस तेच दिसतं. मी हात जोडते, ओरडते, काय वाटेल ते करते, पण तिच्या दारात घेऊन जाता येईल असं काहीतरी मला द्या.

वायरभाऊ, तुम्ही आमच्या माणसांची लाज आपली समजून राखलीत. तुमचं भलं होवो, मुलगी शिकून मोठी होवो. कार्यक्रम ठेवला, मला उभं केलं, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. माझी जीभ तिखट आहे, कोणाच्या मानाला धक्का लागला असेल तर अडाणी बाई म्हणून पोटात घाला. पण उत्तर टाळल्याची माफी मिळणार नाही. भाऊ जायच्या आधी एक दिवस येऊन पाच नंबरला जुना कारभारी परत बसवून द्यायला तयार आहेत, फुकट. हो की नाही, ते सहीनिशी कागदावर पाहिजे. त्या बाईकडे रविवारची गोळी शेवटची आहे. शनिवारी दुपारी दवाखाना बंद व्हायच्या आत मला उत्तर द्या.