मारुतीपुढचा लंगोट

मंडळी, ऐका! मला एक सांगा — पैलवान खरा कोण? दुसऱ्याला चितपट करतो तो? विचार करा. मागच्या रांगेतल्यांनी मोबाईल खिशात ठेवून विचार करा!

कुरणवाडीच्या तालमीत केरबा वस्ताद होते. मिशी अशी, की समोरचा पैलवान सलामीलाच अर्धा हरायचा! त्यांचा लाडका पठ्ठ्या सर्जेराव. पोटचं पोर नव्हतं वस्तादांना; सर्जा हाच मुलगा. जत्रेच्या मैदानात पहिल्या नंबरची कुस्ती त्याचीच लागलेली.

आणि एका सकाळी वस्ताद बघतात तर काय — सर्जाचा लंगोट तालमीतल्या मारुतीच्या पायाशी, नीट घडी करून ठेवलेला! मंडळी, पैलवान कुस्ती कायमची सोडतो तेव्हाच असा लंगोट ठेवतो. वस्ताद भडकले. भ्याला, म्हणाले. आता तालमीत सगळ्या दुखण्यांना औषध एकच — मेहनत! भूक नाही? मार बैठका. झोप नाही? खण हौदा! वस्तादांनी त्याला कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती खणायला लावली. पोरगं खाली मान घालून खणत राहिलं. एक शब्द बोललं नाही. वस्तादांना वाटलं, चला, वठणीवर आलं!

हसू नका. तुम्ही-आम्ही दुसरं काय करतो? पोरगं गप्प झालं की म्हणतो, शहाणं झालं!

दुसऱ्या दिवशी सर्जा वस्तादांच्या घरी आला, जिंकलेली चांदीची गदा वस्तादांच्या बायकोच्या, तानूकाकूंच्या हातात दिली आणि म्हणाला, तुमच्याकडंच राहू दे, मला आता काय करायची! वस्ताद हसले. काकू हसल्या नाहीत.

"कमावलेली गदा माणूस अशी वाटून टाकतो व्हय?" त्या म्हणाल्या. "मला न्हाई बरं वाटत. जावा, इचारा त्याला. आत्ताच्या आत्ता."

वस्ताद निघाले खरे, पण पाय जड झाले. आयुष्यभर पोरांना डाव विचारले, मन कधी विचारलं नव्हतं! तालमीत सर्जा एकटाच हौद्याच्या काठाला बसलेला. वस्तादांनी हातातली काठी बाहेर ठेवली आणि पठ्ठ्याशेजारी मातीत बसले.

"सर्जा, काय व्हतंय रं तुला?"

वस्ताद शेजारून उठले नाहीत. मग सर्जा म्हणाला, "खांदा निखळला असता तर दावला असता, वस्ताद. ह्ये कुठं दुखतंय त्येच दावता येईना."

वस्तादांनी त्याचा हात धरला. आणि सरळ विचारलं, "जिवाचं काय बरंवाईट करायचं येतं का मनात?"

सर्जानं मान हलवली. हो म्हणाला! आणि एवढा धिप्पाड गडी वस्तादांच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. मातीत घाम गळताना वस्तादांनी पुष्कळ पाहिला होता. आज त्यांचीच आसवं गळत होती.

मग त्यांनी अंगारा आणला नाही, दृष्ट काढली नाही. तडक मोटारसायकलवर मागं बसवलं आणि तालुक्याच्या मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं. आणि घरच्यांनी त्याला क्षणभर एकटं सोडलं नाही.

जत्रा आली. हलगी कडाडली. माईकवाला म्हणाला, सर्जेराव पैलवान मैदान सोडून पळाला म्हणतात! लोक फिदीफिदी हसले. वस्तादांनी सर्जाकडं पाहिलं. सर्जा म्हणाला, "सांगा, वस्ताद. खरं सांगा." वस्तादांनी माईक हातात घेतला.

"माझा पठ्ठ्या पळाला न्हाई. त्याचं मन आजारी हाय. औषध चालू हाय. म्या लई पैलवान घडिवले, पण दुखतंय म्हणून सांगायची छाती असलेला ह्यो पहिला. मला त्याचा अभिमान हाय!"

हलगी थांबली, मंडळी.  आणि समोरून आले समोरच्या तालमीचे आप्पासो वस्ताद. दोघांचं साताजन्माचं वैर! लोकांना वाटलं, आता जुंपणार. आप्पासोंनी काय करावं? विजेत्यासाठी आणलेला फेटा घेतला आणि सर्जाच्या डोक्याला बांधला! टाळ्यांनी मैदान दणाणलं. केरबा वस्तादांची छाती कुठलीही कुस्ती जिंकून एवढी फुगली नव्हती.

त्या गलक्यात आप्पासो त्यांच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर कुठं बसत्यात, केरबा? माझी लेक लई दिस झालं बोलंना."

सर्जा पुढच्या जत्रेला हौद्यात उतरला. जिंकला का? ते मी सांगणार नाही! मारुतीपुढचा लंगोट त्यानं स्वतःच्या हातानं उचलला, मला तेवढं पुरे आहे.

आता तुमचं सांगा. आज घरी गेल्यावर विचाराल — जेवलास का? विचाराच! पण त्याच्यापुढं एक प्रश्न जास्तीचा विचारा — काय होतंय तुला? आणि उत्तर येईपर्यंत शेजारून उठू नका. आणि तुमचंच दुखत असेल, तर आजच सांगा. इथल्या कुणालाही सांगा, मला सांगा, डॉक्टरला सांगा. त्याला छाती लागते, आणि ती तुमच्यात आहे!

चला, वाजवा टाळ! आज देवाआधी शेजारच्याचा हात धरा, मगच देवाचं नाव घ्या.