परीक्षकांनी दिलेला सहा

बायनरीचं नाव निघालं की मला आमची वहिनीच आठवते. चाळिशीत माझ्यासोबत प्रोग्रॅमिंगच्या कोर्सला बसली होती. पास झाली तर इंदिरानगरच्या एका शाळेत कॉम्प्युटरच्या बाई म्हणून तिला घेणार होते.

प्रॅक्टिकलला आम्हा दोघींना एकच प्रोग्रॅम आला, साध्या आकड्याचं बायनरी करायचा, म्हणजे तो फक्त शून्य आणि एक वापरून लिहायचा. दोनाने भागत जायचं आणि उरलेल्या बाक्या शेवटून वाचायच्या. वहिनीने पाच टाकून पाहिला, मग सात, मग नऊ. तिन्ही उत्तरं बरोबर आली. तिने हळूच मला खूण केली, "झालं."

तेवढ्यात बाहेरून आलेले परीक्षक तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले. "सहा टाका."

स्क्रीनवर आलं ०११. यायला हवं होतं ११०.

माझ्या तेव्हा लक्षात आलं. पाच, सात, नऊ, या तिन्हींचं बायनरी उलटं वाचलं तरी तेच राहतं! बाक्या उलट्या छापल्या जातायत हे तिला कळणार कसं?

"मॅडम, हे काय आहे?"

वहिनीचा चेहरा उतरला. "सर, दोन मिनिटं द्या ना."

"एक देतो."

तिने बाक्या आधी साठवल्या, मग शेवटून छापल्या. ११०.

"आता आठ टाका."

वहिनीने कीबोर्डच त्यांच्याकडे सरकवला. "तुम्हीच टाका सर, हवा तो आकडा."

सर हसले, तिला पास केलं आणि माझ्याकडे वळले.

"तुम्हीपण पाच, सात, नऊच टाकून पाहिलेत ना?"