पुनमचा बीपी

आईच्या मृत्यूचा दाखला न्यायला उर्वशी कुरखेड्याच्या दवाखान्यात बाकावर बसून समोरचं बोलणं ऐकत होती. गरोदर बायांच्या रांगेत नर्सनं पुनमचं नाव पुकारलं, तशी साठीची रुखमाबाई लगबगीनं पुढे झाली आणि बाही वर सारून बसली.

"पुनम तुम्ही?"

"मी सासू हाव तिची. घ्या बीपी."

"बाई, आठवा महिना तिले आहे. बीपी तिचा पाह्यजे."

"तिचे पाय सुजले ना! चप्पल चढत नाई. म्हून कार्ड घेऊन मीच आली."

"तुमच्या दंडावर तिचा बीपी कसा कळन?"

"काऊन नाई कळन? एकच चूल, एकच मीठ. तिच्या ताटात मी चिमूटभरही जास्त टाकत नाई."

"डोकं दुखते का तिचं?"

"दोन दिसापासून. डोळ्यापुढं धुरकट दिसते म्हणते. मोहफुलं वेचताना ऊन लागलं असन, म्हून कपाळाले कांदा चोळून देला."

"ऊन नाई लागलं, बीपी वाढला असन तिचा! झटके आले तं माय अन् लेकरू, दोघंही हातचे जातील. थांबा, गाडी पाठवतो."

"पाठवा ना. पण सकाळपासून रांगेत हाव सिस्टर, माझा तं पाहून घ्या."

नर्सनं फोन लावला, कार्डावरचं गाव वाचून दाखवलं आणि ठेवला.

"निघाली गाडी. गाडी पोचतवरी एकटी नका ठेवू तिले. घरी कोण आहे तिच्यापाशी?"

"कोणीच नाई. तिच्यासाठीच तं मी इथी येऊन बसली."