कुलूपवाला बायोडाटा

आशाबाई : दाब न व ते बटन. तुह्या सुनीलमामानं सकाळपासून तीनदा फोन केला. पोरगा पसंत हाये का, आजच सांगा म्हणते.

रश्मी : आई, माऊसले हात लावू नको. फाईल कोणाची हाये ते तर पाहू दे.

आशाबाई : कोणाची म्हणजे? सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रातल्या कुलदीपची. बायोडाटा अन् फोटो पाठवतो म्हणे तो.

रश्मी : मेलवर नाव नाई त्याचं. नुसती झिप फाईल, तिले कुलूप, अन् पासवर्ड त्याच मेलमधे. मागच्या वर्षी अशीच एक लग्नपत्रिका उघडली मी. इथलं, माह्या या फॉर्म भराच्या सेंटरचं कॉम्प्युटर बसलं. दोनशे लोकायचे फॉर्म परत भरले. मले भेव वाटते आता.

आशाबाई : म्हणून का बिनलग्नाची राहशीन?

रश्मी : अँटीव्हायरस फिरवला न. पण कुलूप असलं का त्याले आतलं दिसत नाई. न उघडता आतले नावं तेवढे वाचता येते. थांब. 'खोडकिडा एक'. 'खोडकिडा दोन'. 'तुडतुडा मादी'.

आशाबाई : काय म्हणते?

रश्मी : 'करपलेलं पान'. एक्केचाळीस हाये. साऱ्याच्या शेवटी जेपीजी, म्हणजे फोटोच.

आशाबाई : अवं बाई. मंग पोरगा दिसाले कसा हाये?

रश्मी : हसवू नको. नंबर सांग त्याचा. मेलमधला नाई, मामानं दिला तो.

(रश्मी फोन लावते. स्पीकर चालू.)

कुलदीप : हॅलो, कोण जी?

रश्मी : सावलीहून रश्मी. मेलवर एक झिप आली. तुमचीच हाये का?

कुलदीप : हाव जी, माहीच. सकाळी घाईत दोन मेल टाकले. पाह्यले का फोटो?

रश्मी : उघडली नाई अजून. नुसते नावं वाचले. त्यातला खोडकिडा कोण?

कुलदीप : खोडकिडा? थांबा. ते तर ऑफिसचे, धानावरच्या किडीचे फोटो. म्हणून कुलूप होतं. ते साहेबाले पाठवाचे होते.

आशाबाई : मंग लग्नाचे कुठी गेले, बापू?

कुलदीप : साहेबाले.

रश्मी : सारेच?

कुलदीप : हाव जी. निळ्या सदऱ्यातला, तळ्यावरचा, गॉगलवाला. खाली लिहिलं होतं, 'आवडलो तर कळवा.' आता समजलं, साहेब मघापासून काऊन हसून राह्यले ते.

रश्मी : मंग कळवलं का त्यायनं?

कुलदीप : 'घरी विचारून सांगतो' म्हणे.

आशाबाई : रश्मी, पाणी पे बाई. ठसका लागन.

कुलदीप : बरोबर फाईल आत्ता पाठवतो जी. बिनकुलुपाची.

रश्मी : नका पाठवू. फोटो पाहाची गरज नाई आता.

कुलदीप : म्हणजे, नाई म्हणता?

रश्मी : रविवारी तुम्हीच या. गॉगल आणजा.