साखळीचा मुहूर्त

(सन १९३८, चैत्र. पारोळ्याच्या मोटार-स्टँडमागची पत्र्याची शेड. सर्व्हिस मोटारीचं इंजिन उघडं पडलं आहे. मोटारीचा मालक भाईदास, त्याची थोरली बहीण सुंदरबाई आणि धुळ्याहून बोलावलेला हिलाल मिस्त्री.)

हिलाल : नाही लिहून देणार मी. दहा वेळा विचारा.

भाईदास : दोन ओळी तर लिहायच्यात, मिस्त्री. ड्रायव्हर तोतारामनं मोटार हाणली म्हणून इंजिन बसलं. खाली तुमची सही. त्याचं लायसन काढून घ्या असा जळगावच्या कचेरीत अर्ज दिलाय मी. सोमवारी तारीख आहे.

हिलाल : हाणली? ही साखळी धरा हातात. इंजिनाचे व्हॉल्व्ह हिच्या तालावर उघडतात नि मिटतात. कशी लोंबतेय पाहा, जुन्या सुंभासारखी. हिनं दात सोडला, इंजिन बंद पडलं. साठ हजार मैल पळालेली गाडी. यात तोतारामनं काय हाणलं?

भाईदास : बोरी नदीच्या पात्रात भर उन्हात बावीस माणसं उतरवावी लागली. माझ्या मोटारीचं नाव गेलं.

हिलाल : आणि तुम्ही त्याच बावीस माणसांदेखत स्टँडवर त्याच्या खांद्यावरची भाड्याच्या पैशांची पिशवी ओढून घेतली. बेवडा म्हणालात त्याला. तो माणूस जन्मात दारूला शिवला नाही, आबा. धुळ्यात कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. पौषात तो माझ्याकडे आला होता, इंजिन खडखडतंय म्हणून. साखळी बदला, असं मी सांगितलं. त्यानं तुम्हाला सांगितलं की नाही?

भाईदास : सांगितलं असेल. ड्रायव्हर लोक रोज काहीतरी सांगतात.

हिलाल : मुंबईच्या दुकानाला मीच पत्र घातलं. माघात पार्सल आलं. कुठाय ती नवी साखळी?

भाईदास : आहे.

हिलाल : आहे म्हणजे कुठं?

सुंदरबाई : देवघरमा शे, मिस्तरी. देवीना बाजूले. मी रोज तिले हळद-कुंकू लावस.

भाईदास : अक्का, तू घरात जा.

सुंदरबाई : कसाले जाऊ? तूच सांगेल व्हतं माले, अखाजीना मुहूर्त शे, तवपावत हात लावानं नही. तीन महिना व्हयनात.

हिलाल : नवी देवापुढं, आणि जुनी गाडीत?

भाईदास : आमच्यात अखाजीशिवाय, अक्षय्य तृतीयेशिवाय, नवा सालदार गडीसुद्धा ठेवत नाहीत. हे तर इंजिनाचं काळीज. कधीही उचलून बसवायचं का?

हिलाल : मग मोटारही उभी ठेवायची होती अखाजीपर्यंत. ती रोज पळवलीत. धुळ्याच्या दोन-दोन फेऱ्या केल्यात. थांबायचं होतं ते फक्त साखळीनं?

भाईदास : ती अशी दगा देईल हे मला काय ठाऊक?

हिलाल : ठाऊक होतं. तोताराम घसा कोरडा करून सांगत होता. सोमवारी मी कचेरीत येणार, दोन्ही साखळ्या घेऊन. ही झिजलेली आणि ती कुंकवानं माखलेली. साहेबालाच विचारतो, दारू कोण प्यालं होतं. बारा वर्षं त्यानं तुमचीच मोटार चालवली. लायसन गेलं तर खाईल काय तो?

भाईदास : बरं, अर्ज मागे घेतो. पण स्टँडवर मी काही बोलणार नाही. मालक आहे मी.

सुंदरबाई : पिशवी बठ्ठास्ना सामने वढी लिधी तू. बठ्ठास्ना सामनेच परत दे.

भाईदास : सगळ्यांसमोर? निरोप धाडतो त्याला. येईल इथं.

सुंदरबाई : निरोप कसाले? मी सकायलेच त्याना घर जाई उनू. माले पाहीसन त्यानी दार लाई लिधं.

भाईदास : तुला पाहून दार लावलं? त्याच्या पोरीचं नाव तू ठेवलंस.

सुंदरबाई : हा. घडीभर उभी ऱ्हायनू, आन परत उनू.

भाईदास : माझी टोपी आण, अक्का. आणि त्याची ती पिशवी.